सात पाण्यांतून धुतलेली झाडं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही इस्पितळाच्या धुलाईखान्याची. तीस वर्षं मी तिथे चादरी मोजल्या, धुतल्या, परत मोजल्या. शेवटच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, मी दोन कोऱ्या वह्या मागून घेतल्या. पानांवर रकाने छापलेले आहेत: चादरी, अभ्रे, डाग, शेरा. मी रकान्यांवरून आडवं लिहिते. चौथीपर्यंत शिकले. कुठे वेलांटी चुकली तर चुकली, तपासायला कोण येतंय.

आज लिहायचं कारण, जावयाला पत्र आलं. बर्फाच्या गोदामात नोकरी. इथून सहा तास बसने. एक एप्रिलला हजर व्हायचं, राहायचं तिथेच, महिन्यातून एकदा घरी. पंपाचा कारखाना बंद पडून सात महिने झाले. तेव्हापासून हा घरात आहे आणि दिसेल ते दुरुस्त करतो. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलंय, की कोण आलं कोण गेलं कळत नाही.

लेक बसस्थानकात तिकीट खिडकीवर बसते. तिने पत्र वाचलं, म्हणाली, "जा ना मग," आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. नात नऊ वर्षांची. तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण तोंड मिटत नाही. ती म्हणाली, "बाबा रोज संध्याकाळी येणार ना पण?" लेकीने नळ मोठा सोडला. मग टिटवीचंही तोंड मिटलं.

माझं काय, गेला तर एक खुर्ची मोकळी होईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दातांच्या डॉक्टरकडे गेले. माझी खालची कवळी बोलताना उडी मारते, नवी करायची आहे. डॉक्टर बाहेरची खोली नवी करतोय. भिंतीला लागून भली मोठी काचेची पेटी, वाळू, पाणी, दिवा. आत झाडं नाहीत, मासे नाहीत. दुकानातून झाडं आणली होती म्हणे, आठवड्यात शिजवलेल्या पालेभाजीसारखी झाली. मी म्हटलं, "डॉक्टर, रिकामी पेटी म्हणजे बिनदाताचं तोंड. पेशंट घाबरतील." तो हसला. मी म्हटलं, "माझा जावई बघा. आयुष्यभर पाण्याचेच पंप केलेत, घरी पेटी आहे, मासे पोरांसारखे सांभाळतो."

डॉक्टर म्हणाला, पंधरा तारखेला खोली उघडतोय, तोपर्यंत जमवा. चांगली झाली तर त्याच्या ओळखीचे चार डॉक्टर आहेत, सगळ्यांना दवाखान्यात पेट्या हव्यात. सांभाळायचं काम कायमचं.

घरी येऊन सांगितलं. जावई नुसता "बरं" म्हणाला. या माणसाला बोलायला पाणी पाजावं लागतं. पण जेवताना लेकीने स्वतःहून त्याला वाढलं, पत्र आल्यापासून पहिल्यांदा. कायमचं काम मिळालं तर तो जाणार नाही. हे घरात कोणी बोललं नाही, पण सगळे त्याच हिशेबाने चालत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

जावयाने दुकानातल्या झाडांचं सांगितलं. ती म्हणे पाण्याबाहेर वाढवलेली असतात, बुडवली की कुजतात. मी म्हटलं, मग पाण्यातच वाढलेली आणा. कालवा संपतो तिथे पंपघरामागे जे माजलंय, त्याला कोणी खतपाणी घालतं का?

सकाळी दोघं गेलो. पंपघराचा माणूस म्हणाला, "आजी, शेवाळ न्यायला आलात? सगळं न्या हो. आम्ही फावड्याने ओढून काठावर टाकतो, आठ दिवसांत पुन्हा हजर." जावयाने त्याला चार प्रश्न विचारले. वरच्या बाजूला शेतं आहेत का, फवारणी होते का, कुणाचं सांडपाणी येतं का. मग पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरलं, हुंगलं. लग्नाआधी पोरीला बघतानासुद्धा याने इतकं बघितलं नव्हतं.

मी चपला काढून उतरले. दोन जाती मिळाल्या. एक लांब पट्ट्यांची, वाहत्या पाण्यात रिबिनीसारखी डोलते. दुसरी मांजराच्या फुललेल्या शेपटीसारखी. जावई म्हणत होता, प्रत्येक झुबक्यातलं थोडंच घ्या, मूळ राहू द्या, बाकी जीव आहेत त्यात. मी म्हटलं, माणूस फावड्याने काढतोय आणि तुम्ही चिमटीने काढा. पण तो चिमटीनेच काढत राहिला. दीड बादली झाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

धुणं झालं. जावयाने कुठेतरी वाचलंय, की बाहेरची झाडं आणली की वीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दोन मिनिटं बुडवायची, लगेच साध्या पाण्यात खळखळून काढायची, आणि मग तीन आठवडे वेगळी ठेवायची. मगच माशांत.

मी म्हटलं, "ब्लीच मला सांगता? जाड चादर महिन्यात विरते त्याने. हे तर कोवळं पान."

"थोडंच घालायचंय आई. पानांत काय काय लपलेलं असतं."

"लपायला मी जागा ठेवली तर लपेल ना! आणि तीन आठवडे म्हणजे डॉक्टरची पंधरा तारीख गेली. तुम्हाला जायचंच असेल तर तसं सांगा."

त्याने ब्लीचची बाटली परत फळीवर ठेवली. मग म्हणाला, "बरं. तुम्ही धुताय म्हटल्यावर."

सात पाण्यांतून काढली. एकेक काडी दोन बोटांतून, चादरीची शिवण तपासतात तशी. एकतीस गोगलगाई, एक जळू. शेवटचं पाणी इतकं नितळ, की प्यायला दिलं असतं. तीस वर्षांत माझ्या हातचं धुणं कुणी परत पाठवलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरची खोली उघडली. रिबिनी मागच्या बाजूला, शेपट्या दगडाला दोऱ्याने बांधून पुढे. दोरा माझा. आत चोवीस मासे, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी-लाल पट्टी. मी दोनदा मोजले. दाढदुखीने रडत आलेली एक बाई पेटीसमोर बसली ती गप्पच झाली. डॉक्टरने जावयाशी हात मिळवला. जावयाचे कान लाल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जबड्याचं माप द्यायला गेले. झाडांनी जीव धरलाय. पानांवर मोत्यासारखे बुडबुडे, रिबिनींना बाजूने पिल्लं फुटलीत. डॉक्टर येताजाता बघतो.

एक गोष्ट लिहून ठेवते. कडेच्या शेपटीत एक किडा दिसला. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, मातकट, सहा पायांचा. म्हणजे सात पाण्यांतून सुटला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, होताच. कुणाला बोलले नाही. एवढासा जीव, शांत बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जावयाला सांगितलं तर तो तोंडाने काही म्हणणार नाही, पण मनात ब्लीच म्हणेल.

३ मार्च, सोमवार

किडा वाढलाय. डोळे मोठाले. जागचा हलत नाही, आमच्या टिटवीने याच्याकडून शिकावं. मासे एकवीस मोजले. आडवेतिडवे पळतात, मोजण्यात चुकले असेन.

८ मार्च, शनिवार

चुकले नव्हते. एकोणीस.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "तू मासे घरी नेतेस का गं?"

"आजी! मी माशांना हात लावत नाही. मला भीती वाटते."

"मग जातात कुठे? दात काढून घ्यायला जातात का आत?"

बाकावरची माणसं हसली, पोरगी रडवेली झाली. जरा जास्त बोलले. पण मासे काही वाफ होऊन जात नाहीत. कुणीतरी घेतंय.

१२ मार्च, बुधवार

जावयाने पेटीची गाळणी घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलली. मासा आत ओढला गेला असेल असं त्याला वाटत होतं. काहीच निघालं नाही. पाणी तपासलं, तेही ठीक. डॉक्टर म्हणाला, ते चार डॉक्टर पंचवीस तारखेला बघायला येणार आहेत, त्यांना काय दाखवू?

लेकीने विचारलं, "गोदामाला कळवलं का, येताय की नाही?"

"पंचवीसनंतर कळवतो."

"त्यांनी दुसरा माणूस घेतला तर?"

तो स्क्रू मोजत बसला. खरं तर स्क्रू चारच होते.

१५ मार्च, शनिवार

कवळी लावून पाहिली, टोचते. मासे पंधरा.

किडा मेला. पानाला नुसतं टरफल लटकत होतं, पाठीवर उसवलेलं. बरं झालं, एक काळजी गेली. मग त्याच शेपटीत खाली दुसरा दिसला, पहिल्याहून मोठा, बोटाच्या पेराएवढा. म्हणजे मुळात दोन होते. मोठ्याने लहान्याला खाल्लं की काय. तरी मी गप्प. आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल.

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळी जावई शेजारी येऊन बसला. तो असा कधी बसत नाही. म्हणाला, "आई, त्या शेपट्यांत तुम्हाला कधी काही हललेलं दिसलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"टरफल वगैरे?"

"मी दात करायला जाते, टरफलं मोजायला नाही."

"बरं," म्हणाला आणि उठला. जेवला नाही फारसा. लेक माझ्याकडे बघत होती. कशाला बघत होती कोण जाणे.

खोटं बोलले. वहीत तरी खरं लिहिते.

२० मार्च, गुरुवार

काम गेलं. जावई जाळी आणि बादली घेऊन लवकर गेला होता, दुपारी परत आला. म्हणाला, "डॉक्टरांनी नको म्हटलं. पेटी विकायला काढतायत." का, कसं, काही नाही. लेकीने तिच्याच खिडकीवरचं तिकीट काढून आणलं. एक एप्रिल, सकाळी सातची बस. मी म्हटलं, तो डॉक्टरच कृतघ्न, चार मासे इकडेतिकडे झाले म्हणून कुणी माणूस तोडतं का? तिने तिकीट फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "आई, तू आता थोडं गप्प बसशील?"

माझ्या लेकीने मला हे कधी म्हटलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

सगळं लिहायचं आहे, हात दुखला तरी.

कवळी घासून घ्यायला गेले होते. पेटी अजून तिथेच. मासे बारा. कडेच्या शेपटीवर मोठा किडा नव्हता. म्हटलं, गेला. मग नजर मधल्या दगडावर गेली. तिथल्या शेपटीत आणखी एक, पहिल्यासारखाच. एक मासा जवळून गेला. किडा हलला नाही. त्याच्या हनुवटीखालून हातासारखं काहीतरी सटकन बाहेर आलं, मासा पकडला आणि तोंडाशी नेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग तो शांतपणे खायला लागला.

महिनाभर मी या जातीला शहाणी म्हणत होते.

मी उठले ती थेट आत गेले. डॉक्टर कुणाच्या तरी तोंडात वाकलेला. मी म्हटलं, "तो चिमटा घेऊन बाहेर या."

"आजी, पेशंट आहे."

"पेशंटला तोंड मिटू दे दोन मिनिटं. तुमचा मासा खाल्ला जातोय."

आला. दाखवला. त्याने लांब चिमट्याने पकडून पेल्यात घातला. बाकावरचे सगळे उभे राहून बघत होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टर, झाडं मी आणलीत, मी धुतलीत. जावई ब्लीच म्हणत होता, तीन आठवडे थांबा म्हणत होता, मीच ऐकलं नाही. आणि असला किडा मी महिन्यापूर्वीच पाहिला होता. बोलले नाही."

डॉक्टरने चिमटा खाली ठेवला. "पण ते तर म्हणाले, झाडं त्यांनी स्वतः धुतली. औषध घालायला विसरले म्हणाले. असाच एक किडा बाटलीत घालून दाखवला मला गुरुवारी. चतुराचं पिल्लू असतं हे, पंख फुटेपर्यंत पाण्यात राहतं, कात टाकून वाढतं. म्हणाले, चूक माझी. मी म्हटलं, इतकी साधी गोष्ट विसरणाऱ्या माणसाचं नाव मी चार जणांना कसं सुचवू?"

आधी मला कळेचना. मग कळलं, आणि डोक्यात अशी तिडीक गेली की कवळी दातांवर वाजली. मी म्हटलं, "विसरला? तो माणूस चार स्क्रू चारदा मोजतो! माझं धुणं त्याने आपल्या नावावर कशाला घेतलं? मी मागितलं होतं?"

काउंटरवरची पोरगी हळूच म्हणाली, "आजी, पाणी देऊ?"

"बादली दे. आणि मी तुला चोर म्हटलं होतं, ते चुकलं."

मासे बादलीत काढले. झाडं सगळी उपटून दवाखान्याच्या बेसिनमध्ये एकेक काडी तपासली. दोन तास. दिव्याखाली, डॉक्टरचं भिंग घेऊन. आणखी तीन निघाले, एक तर राईएवढा, पानाच्या बेचक्यात. नुसत्या पाण्याने हे निघत नाही. सात काय, सत्तर पाण्यांनी निघणार नाही. ते पान घट्ट धरून बसतं.

डॉक्टर शेवटचा पेशंट झाल्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे असं पुन्हा होणार नाही कशावरून?"

मी म्हटलं, "माझ्यावरून काही नाही. त्याच्यावरून. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

तो म्हणाला, सोमवारी त्यांना पाठवा.

घरी आले. जावई टिटवीची सायकल उलटी करून बसला होता. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"टरफल सापडलं होतं आई."

"मग मला विचारलंत कशाला?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. हे लिहून ठेवते, कारण असं वारंवार होत नाही.

२४ मार्च, सोमवार

जावई डॉक्टरकडे जाऊन आला. त्या चौघांना डॉक्टर कळवणार आहे, की उद्या येऊ नका. त्याची अट अशी की झाडं नव्याने आणायची, औषधातून काढायची, तीन आठवडे वेगळी ठेवायची, मग पेटीत. महिनाभर एकही मासा गेला नाही तर ते चार डॉक्टर. नाहीतर काही नाही.

म्हणजे एक एप्रिलच्या आत कळणारच नाही काही. गोदाम थांबणार नाही. लेक हिशेब करत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

३० मार्च, रविवार

पुन्हा पंपघरामागे. या वेळी मी काठावर उभी राहिले, उतरला तो. मी म्हटलं, "तिकडे डावीकडे पट्ट्या कोवळ्या आहेत, चिमटीने घ्या."

घरी ब्लीच मी मिसळलं. वीसाला एक. माप काढायला भांडं लागत नाही, नाकाला कळतं. तो घड्याळ धरून उभा. दोन मिनिटं झाल्यावर त्याने "बास" म्हटलं आणि मी लगेच काढलं, एक शब्द न बोलता. मग स्वच्छ पाणी, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी.

तो आत गेला तेव्हा मी त्याला म्हणाले, "चुकलं माझं." पाठमोराच होता. ऐकलं की नाही माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणणार नाही.

३१ मार्च, सोमवार

बॅग भरलेली दाराशी आहे. सगळे तिला वळसा घालून जातात.

१ एप्रिल, मंगळवार

साडेसहाला लेक कामावर गेली. जाताना बॅगेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. सात वाजले. सव्वासात झाले. संध्याकाळी ती आल्यावर म्हणाली, त्याची चौदा नंबरची सीट रिकामी गेली. तिने ती दुसऱ्या कुणाला विकली नव्हती, हे मला नंतर कळलं.

सकाळचं सांगायचं राहिलं. आठ वाजता मी टॉवेल घेऊन गेले तर बाथरूमचं दार उघडं. आत परवाच्या झाडांचे दोन टब, दोन बादल्या, भिंतीला तारेने बांधलेला दिवा, आणि मध्ये जावई उकिडवा बसून भिंगातून पाण्यात बघतोय. मी म्हटलं, "अहो, मला आंघोळ करायची आहे."

तो म्हणाला, "आई, या टबाला धक्का लावू नका. तीन आठवडे."

"आणि मी तीन आठवडे अशीच राहू?"

"शेजारच्या काकूंना विचारलंय मी. त्या हो म्हणाल्या."

म्हणजे बोलतो हा माणूस. टॉवेल खांद्यावर टाकून मी शेजारी गेले.